बिननावाची पुडी

कळवा,
९ जानेवारी १९८९

ती. परशुराममामास,
मंजुळाचा नमस्कार.

पत्राला वास आला तर नाक मुरडू नकोस. गोदा पाटीत बोंबलांच्या खाली ठेवून आणते, त्याला इलाज नाही. टपालाने लिहिलं तर तुझं उत्तर ह्या घरात येऊन पडेल, आणि आमच्याकडे आलेलं पत्र ओसरीवर मोठ्याने वाचतात. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून सगळ्या आळीला ऐकायला मिळतं! गोदालाही अक्षर येत नाही, पण शेजारीण म्हणून जिवाभावाची आणि तोंडाची घट्ट. डोंबिवलीच्या बाजारात ती तुझ्या औषधाच्या दुकानासमोरच बसते, हे माझं नशीब.

पुड्या मिळाल्या. रांगोळीच्या डब्यात तळाशी ठेवल्यात. ह्या घरात रांगोळी मी एकटीच काढते, तिथे कोण हात घालणार? जेवणं झाली की भांडी घेऊन मागच्या दारी जाते आणि एक पुडी जिभेवर टाकते. तू साखर घालतोस तरी कडू जहर. पण लग्नाला दीड वर्ष होत आलं, एकदाही आकडी आली नाही. कपाळावरची खूण झोपाळ्यावरून पडल्याची आहे, असंच हे अजून समजतात. चुलीवर पडले होते हे तुला, मला आणि आईलाच ठाऊक.

पण मामा, इथे दिवस वाईट आलेत. सखाराम कोळ्याचा थोरला पुलाखाली मेलेला सापडला. गर्द घ्यायचा. तेव्हापासून बायका आपल्याच पोरांचे खिसे उलटे करतात. सासूबाई माझ्या दिराच्या, देवरामभावजींच्या, शर्टाचा वास घेतात. बिचारा ठाण्याला आयटीआयला जातो, घरी येऊन गप जेवतो, त्याचं काय हुंगायचं?

परवा मी सहज विचारलं, भावजी, गर्द असतो तरी कसा? म्हणाले, “पावडर असते, वहिनी. कागदाच्या छोट्या पुडीत बांधलेली.”

मामा, तू मला काय देतोस? अकरा वर्षांची होते तेव्हापासून खातेय आणि नाव माहीत नाही. एखाद दिवस चुकली की जीव कासावीस होतो. गर्दुल्ल्यांचंही तसंच होतं म्हणे. मला खरं सांग. मी घाबरलेय.

तुझी,
मंजुळा


डोंबिवली पूर्व,
१२ जानेवारी १९८९

चि. मंजुळास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, फाडलं आणि हात तीनदा धुतले, तरी गिऱ्हाईक विचारतंय, परशुरामशेट, आज दुकानात बोंबील का! तूही हे पत्र वाचून फाडायचं आणि तुकडे खाडीत सोडायचे. चुलीत नको, अर्धवट जळालेला कागद कोणीही वाचतं.

गर्द म्हणे! अगं येडे, तुझा मामा फार्मसीची पदविका घेतलेला माणूस आहे, स्टेशनबाहेरचा पानवाला नव्हे. तुझ्या औषधाचं नाव फेनोबार्बिटोन. पुन्हा लिहितो, फे-नो-बार-बि-टोन. बार्बिट्युरिक आम्लापासून औषधांचं एक मोठं कुटुंब निघालं, त्यातलं हे एक. पांढरी पूड, वास नाही, चव कडवट, पाण्यात धड विरघळत नाही. गर्द अफूच्या घरातला, रंगाने मातकट. दोघांचं गोत्र वेगळं, गाव वेगळं. एकाच्या पंगतीला दुसरा बसायचा नाही.

आता विचारलंच आहेस तर लपवत नाही. ह्या कुटुंबातले काही भाऊबंद वाईट आहेत. झोपेच्या गोळ्या खाऊन माणसं जीव देतात, त्या ह्याच घरच्या. आपलं हे त्यातलं संथ. हळू चढतं, हळू उतरतं. मेंदूत वीज उसळली की आकडी येते, तिला हे दाबून धरतं. म्हणून आमच्या पुस्तकात ते दोन ठिकाणी येतं, एकदा झोपेच्या औषधांत आणि एकदा आकडीच्या. आणि अलीकडे नशेच्या पदार्थांचा नवा कायदा झाला, त्याच्या यादीतही ते बसवलंय. एकच पूड, तीन खाती. डॉक्टरला एक दिसतं, झोप न येणाऱ्याला दुसरं आणि पोलिसाला तिसरं.

म्हणूनच मी गोळ्या पाठवत नाही. गोळीच्या पाकिटावर नाव असतं आणि तुझा दीर शिकलेला. मी गोळ्या खलात घोटतो, साखर मिसळतो आणि कंपाउंडर असताना बांधायचो तशा पुड्या बांधतो. नाव नाही की भानगड नाही. तुझे ते म्हातारे डॉक्टर वारल्यापासून आपल्याकडे चिठ्ठीही नाही. हे आपल्या दोघांतच राहू दे.

एक मात्र काळजात कोरून ठेव. हे औषध एकाएकी बंद करायचं नाही. कधीच नाही. इतकी वर्षं दाबलेली वीज मग सूड उगवते. एक आकडी जात नाही तोवर दुसरी येते, माणूस मधे शुद्धीवरही येत नाही. भीती घालत नाही, पण हे तुला माहीत हवं.

तुझी आई चंद्रभागा माझ्याकडे मजेत आहे. तिळाचे लाडू गोदाकडे दिलेत, तेवढे तरी बोंबलांपासून लांब ठेवायला सांग.

तुझा मामा,
परशुराम


कळवा,
२३ जानेवारी १९८९

मामा,

नमस्कार-चमत्कार राहू दे. सगळं फुटलं.

शेजारी हळद होती. त्यांची रांगोळी संपली म्हणून सासूबाई आमचा डबा न्यायला आत गेल्या. मी विहिरीवर होते. परत आले तर ओसरीवर सगळी माणसं आणि मधे सुपात माझ्या पुड्या. सासूबाईंच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. “कोनाच्या ह्या? बोला! माझ्या घरात गर्द!”

मामा, मी बोललेच नाही. देवरामभावजी दारात उभे होते. ते सुपाकडे बघत होते, मग माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. बस्स! मान खाली घातली म्हणजे ह्याच्याच. कोणी हात घालणार नाही म्हणून पोराने रांगोळीत लपवल्या, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. ह्यांनी कमरेचा पट्टा काढला. मी मधे पडले तर मला म्हणाले, तू बाजूला हो, घरातल्या गोष्टीत पडू नकोस. घरातल्या गोष्टीत!

सासूबाईंनी सूप उचललं आणि मागच्या दाराने सगळं खाडीत रिकामं केलं. ओहोटी होती. कागद चिखलावर पसरले. मी तिथेच उभी होते. वाटलं, उतरावं आणि चिखलातून वेचावं.

भावजी अजून गप्प आहेत. “माझ्या नाहीत” एवढंसुद्धा म्हणत नाहीत. ताटावर बसले की माझ्याकडे बघतात. मामा, त्यांना काहीतरी माहीत आहे. ते एक दिवस तोंड उघडतील आणि माझा संसार खाडीत जाईल.

माझ्याकडे आता एकही पुडी नाही. लवकर पाठव.

मंजुळा


डोंबिवली पूर्व,
२४ जानेवारी १९८९

चि. मंजुळास आशीर्वाद.

शांत हो. आधी शांत हो. ते औषध रक्तातून हळू उतरतं, आज-उद्या काही होणार नाही. मी सोबत नव्या पुड्या दिल्यात. ह्या वेळी पदराच्या गाठीत ठेव, डब्याबिब्यात नको.

आणि तोंड उघडू नकोस. देवराम तरणा आहे, चार फटके बसले, ते विसरेल. तू बोललीस तर मात्र विसरण्यासारखं काही उरणार नाही. आकडी येणारी मुलगी गळ्यात मारली म्हणून ते तुला बाहेर काढतील आणि तुझ्या आईला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी.

तो बघतो म्हणतेस. बघू दे. माहीत असतं तर मार खाताना बोलला नसता का? माणूस इतका मार दुसऱ्यासाठी खात नाही.

परशुराममामा


कळवा,
२७ जानेवारी १९८९

मामा,

पत्र मिळालं, पुड्या नाही. गोदाने त्या खाडीच्या पुलावरून टाकून दिल्या. माझ्यापाशी येऊन रडली. म्हणाली, पत्र नेईन, पुडी मरेपर्यंत नेणार नाही. खरं आहे तिचं. आळीतली पोरं प्रत्येक पाटी तपासतायत, गावात पुडी आणतं कोण ते शोधायला. सापडली असती तर बाई असून तिला ठेचली असती.

आईला बरं नाही, मी डोंबिवलीला जाऊन येते, असं सासूबाईंना सांगून बघितलं. म्हणाल्या, हे निस्तरल्याबिगर उंबऱ्याबाहेर कोणी जायचं नाही.

आणि निस्तरणार कसं, ते ऐक. काल पंच बसले. ह्यांचे चुलते दाजी, त्यांची मोठी होडी आहे. ज्याचा पोर गर्दाला लागतो त्याला दाजी होडीवर घेऊन बाहेर समुद्रात जातात. डोलकाठीला बांधून ठेवतात. पाण्यावर पुडी कोण आणून देणार? तडफडतो, ओरडतो, आणि उतरली की सोडतात. सखारामच्या धाकट्याला असाच नेलेला. तो आला परत, गर्द सुटला म्हणतात. पण तेव्हापासून तो बोलत नाही, मामा. दारात बसतो आणि दोरी दिसली की आत पळतो.

येत्या अमावास्येच्या उधाणाला देवरामभावजींना नेणार.

तुला एक ठाऊक नाही. माझे सासरे समुद्रावर गेले ते आलेच नाहीत. भावजी तेव्हा लहान, किनाऱ्यावर वाट बघत बसलेले. तेव्हापासून कोळ्याचा पोर असून होडीत पाय टाकत नाही. पंचांचं ऐकलं तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

आणि माझंही सांगते. आज सकाळी भाकरी थापताना हात आपसूक उडाला. पीठ चुलीत सांडलं. सासूबाई म्हणाल्या, लक्ष कुठाय? मी हसले. लहानपणी आकडीच्या आधी असाच हात उडायचा, तुला आठवतं ना?

मंजुळा


डोंबिवली पूर्व,
३० जानेवारी १९८९

चि. मंजुळास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. मी बरा नाही. म्हणजे तब्येत ठीक आहे, पण कल्याणला एका दुकानाला टाळं ठोकलं, असल्याच गोळ्या चिठ्ठीशिवाय विकल्या म्हणून. माझ्याकडेही औषधखात्याचा माणूस येऊन गेला. कपाटं बघितली, पाणी प्यायला, गेला. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

हात उडतो ते थकव्यानेही होतं. जागरण करू नकोस, उपास करू नकोस, चुलीपाशी आणि विहिरीपाशी एकटी जाऊ नकोस.

मी स्वतः औषध घेऊन यायला हवं, हे मला कळतं. पण आत्ता तुमच्या आळीत खिशात पांढऱ्या गोळ्या घेऊन शिरणं म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालणं. आणि तू काही बोललीस की पहिला प्रश्न हाच, दिलं कोणी? मग माझा परवाना गेला, दुकान गेलं, मी आत गेलो. तुझ्या आईकडे बघणार कोण?

देवरामचं म्हणशील तर मी पुष्कळ विचार केला. आठवडाभराचा तर प्रश्न आहे. व्यसन नाहीच, तर तडफडण्याचा सवाल येत नाही. समुद्राची हवा खाऊन येईल. दाजी काही परका नाही, चुलता आहे त्याचा. तो गेला की आळी थंड होईल, पाट्या तपासणं थांबेल, मग गोदाही ऐकेल. तेवढे दिवस कळ काढ.

परशुराममामा


कळवा,
२ फेब्रुवारी १९८९

मामा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा खरं वाटलं नाही म्हणून. समुद्राची हवा! तुझ्या भाच्याला बांधून नेलं असतं तर लिहिलं असतंस का असं?

आज दुपारी सासूबाई पंचांकडे गेल्या तेव्हा भावजी मागच्या दारी आले. मी भांडी घासत होते. मनात म्हटलं, आला क्षण. आता विचारणार. त्यांनी विचारलंच.

“वहिनी, तुम्ही कधीपासून घेता?”

मी राख हातात धरून बसले. ते म्हणाले, “मी दिवाळीत बघितलेलं तुम्हाला. इथेच. पुडी उघडली आणि तोंडात टाकली. मला वाटलं, पोटाचं असेल. मग सखारामदादाचा पोरगा मेला आणि कळलं, ते काय होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“दादाने तुम्हाला घराबाहेर काढलं असतं. मला काय, मार खाल्ला, अंग दुखलं, राहिलं. तुम्ही कुठे गेला असता?” आणि मग हात जोडून म्हणतो, “पण आता सोडा, वहिनी. मी होडीवर जाऊन येतो. तेवढ्यात तुम्ही सोडा.”

ऐकलंस, मामा? इतका मार दुसऱ्यासाठी कोणी खात नाही म्हणालास ना? मी इतके दिवस त्याच्या नजरेला घाबरत होते, आणि तो मला गर्दुल्ली समजून वाचवत होता.

मी सगळं सांगितलं. आकडी, कपाळाची खूण, तू, गोदा, सगळं. त्याने औषधाचं नाव विचारलं. सांगितलं. त्याला दोनदा म्हणायला लावलं, नीट म्हणेपर्यंत. तो म्हणाला, “मग हे औषध आहे, तर सांगा ना आईला.” मी रडायला लागले. तर म्हणाला, “नका सांगू. मी जातो.” होडीत पाय न टाकणारा तो, मामा, आणि म्हणतो मी जातो.

आज दोनदा हात उडाला. डोळ्यांपुढे पांढरं येऊन गेलं. मला ठाऊक आहे काय येतंय ते. मला खूप भीती वाटते. आकडीची वाटते, ह्यांची वाटते, सासूबाईंची वाटते. पण तो दोरीला बांधलेला आणि मी घरात भाकरी थापतेय, ह्याची सगळ्यांत जास्त वाटते.

सोमवारी सकाळची भरती भरली की होडी सुटणार. तोवर मला घरात सांगायचा धीर झाला तर घरात सांगेन. नाही झाला तर बंदरावर सांगेन, सगळ्यांसमोर. तुझं नाव घेणार नाही, भिऊ नकोस. औषधाचं घेईन. पाठ आहे.

मंजुळा


डोंबिवली पूर्व,
६ फेब्रुवारी १९८९, सोमवार सकाळ

मंजुळा,

तुझं पत्र गुरुवारचं, गोदा आज भेटली. शुक्रवार ते रविवार ती बाजाराला आलीच नाही. मी तिन्ही दिवस तिच्या जागेकडे बघत बसलो होतो.

थांब. काही बोलू नकोस, मी बोलतो. गोदाच्या मागोमाग निघतोय. गोळ्यांचं पाकीट घेतलंय, नावासकट. माझं नाव घे, हवं तर आधी माझंच घे.

पाण्याजवळ जाऊ नकोस. बंदराच्या कडेला उभी राहू नकोस, तिथे शेवाळ असतं. घरात बस, जमिनीवर बस. पोरी, माझं चुकलं, पण ते नंतर. आत्ता जमिनीवर बस.

मामा


कळवा,
१२ फेब्रुवारी १९८९

परशुराम यास,

हे देवराम लिहितोय. आई सांगते तसं लिहितो, थोडं नीट करून. शिव्या गाळल्यात.

परशुराम, मी विमल. मंजुळाची सासू. तुझं शेवटचं पत्र गोदाच्या पाटीतच राहिलं. ती आली तेव्हा घराला कुलूप होतं. आता देवरामने वाचून दाखवलं.

मंजुळा जिवंत हाय. आधी तेवढं तिच्या आईला सांग, मग पुढचं वाच.

सोमवारी बंदरावर सगळी आळी जमली होती. दाजींनी देवरामचे हात काथ्याने बांधले होते. माझा पोर गुरासारखा उभा होता आणि मी बघत होते, कारण मलाच ते पाहिजे होतं. एवढ्यात ही धावत आली. डोक्यावर पदर नाही. “पुड्या माझ्या! सोडा त्याला! गर्द नाही, औषध आहे!” आणि ते नाव. ओरडून ओरडून एकच नाव. बायका म्हणाल्या, सून येडी झाली. माझ्या थोरल्याने, हिच्या नवऱ्याने, रतनने तिला धरायला हात घातला, तर ती त्याच्या हातातच ताठ झाली.

मी पंचावन्न पावसाळे बघितले, असलं बघितलं नव्हतं. एक गेली की दुसरी. मधे डोळे उघडेनात. कोणी चप्पल हुंगवली, कोणी कांदा फोडला, कोणी भगताला बोलवायला पळालं. तोंडातून रगत. मला वाटलं, गेली. आणि देवराम बांधल्या हातांनी बोंबलत होता, “सोडा मला! मला औषधाचं नाव ठाऊक हाय! डॉक्टरकडे न्या!”

रस्त्याने पूल गाठून जायला गाडी नव्हती. दाजींनी तीच होडी सोडली. भरती होती, सरळ खाडी ओलांडून ठाण्याला. जो पोर बाप गेल्यापासून होडीत चढला नव्हता, तो सगळ्यांच्या आधी उडी मारून आत बसला आणि वहिनीचं डोकं मांडीवर घेतलं. दोरीचे वळ अजून हातावर हायत. डोळे मिटून बसला होता, पण बसला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई एकच विचारत होती, हिला काय चालू होतं? काय बंद केलं? आम्हाला कोणाला सांगता येईना. देवरामने नाव सांगितलं. बाईने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा सांगितलं. मग तिने शिरेत सुई दिली. बऱ्याच वेळाने अंग सैल पडलं. मी म्हटलं, बाई, हे काय दिलंत? ती म्हणाली, आजी, तेच जे ही खात होती.

तेच. मी सुपातून खाडीत ओतलं ते. परशुराम, मी त्या चिखलावर थुंकले होते.

आता शुद्धीवर हाय. जीभ फाटलीय, बोलता येत नाही. सुई दिली तरी परवा पुन्हा एक आली. रात्रंदिवस कोणीतरी हात धरून बसतं. हात जरा उडाला की रतन उठून उभा राहतो. डॉक्टरीणबाई म्हणाली, धोका सरला असं इतक्यात म्हणू नका.

आता तुझं. मी तुला सोडणार नाही. आकडी येते हे सांगून मुलगी दिली असतीस तर मी केली असती का? खरं सांगते, नसती केली. म्हणून तू लपवलंस, हे मला कळतं. पण लपवून तू तिला माझ्या घरात एकटी ठेवलीस. पाटावर जेवत होतो आम्ही एकत्र, आणि ती एकटी. तिला आकडी आली असती तर आम्ही तिला कांदा हुंगवून मारली असती.

आणि शेजारीण सांगते, त्या दिवशी तू आलेलास. डोंबिवलीचा जाड चष्म्याचा माणूस, दाराला कुलूप बघितलं, बंदराकडची ओरड आयकली आणि मागे फिरलास. खिशात औषध घेऊन मागे फिरलास, परशुराम. मंजुळाला हे मी सांगितलेलं नाही. सांगणार पण नाही. तू सांग.

तुझ्यावर केस करायची असं रतन बोलत होता. मी म्हटलं, करून औषध मिळेल का? डॉक्टरीणबाईने चिठ्ठी लिहून दिलीय, वर्षाची. आता चोरी नाही.

म्हणून हे लिहायला लावलं. ह्यापुढे पुडी नको. गोदाच्या पाटीतून नको. तू स्वतः घेऊन यायचं, दिवसाउजेडी, पुढच्या दाराने. तिच्या आईला घेऊन ये. मी बोलेन ते आयकून घ्यायचं आणि जेवून जायचं.

औषध मी देवाजवळ फळीवर ठेवणार, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. बाटलीत आण. आणि वर कागद चिकटवून नाव घाल, मराठीत, जाड अक्षरांत. मला वाचता येत नाही, पण देवराम रोज त्यावर बोट ठेवून मला शिकवतोय. अजून अर्धंच येतं.

विमल
(अंगठा)